आईबापांच्या लग्नातली करवली

माझ्या आईबापांच्या लग्नात मी करवली होते. हे वाक्य मी आजवर कितीतरी जणांना ऐकवलं आणि दर वेळी समोरच्याच्या तोंडावर तीच एक शंका उमटलेली पाहिली. तसं काही नाही हो. त्यांचं पहिलं लग्न रीतसर, वाजतगाजत, माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधी लागलं होतं. मी सांगते आहे ते दुसरं. नवरा तोच, नवरी तीच, भटजीसुद्धा तोच, फक्त मधल्या काळात नवरा एकदा मरून गेला होता. आता नव्वदी ओलांडली आहे आणि ते लग्न डोळ्यांनी पाहिलेली मी एकटीच उरले. नात म्हणते, "आजी, तूच लिहून ठेव. आम्ही सांगितलं तर लोक म्हणतील, घोलवडचे चिकू आणि डहाणूच्या थापा." तिचा नवरा व्यापारी जहाजावर आहे. ती दिवसातून चार वेळा मोबाईलवर समुद्राचा नकाशा काढते, त्यातल्या एका ठिपक्यावर बोट ठेवते आणि म्हणते, हा बघ, इथे आहे. आमच्या आईकडे असा ठिपका असता तर हे प्रकरण लिहायची वेळच आली नसती.

आमची आळी डहाणू गावात, खाडी समुद्राला मिळते तिथे. कुडाच्या भिंती, दारासमोर वाळू, आणि वाळूत बांबू रोवून त्यांवर दोऱ्या ताणून वाळत घातलेले बोंबील. हिवाळ्यात वारा सुटला की ते बोंबील एकमेकांवर आपटून खडखडत, आणि त्या आवाजात मला झोप फार छान लागे. आळीतले बाकीचे बाप होडीवर जात आणि दोन-चार दिवसांनी घरी येत. माझा बा आगबोटीवर खलाशी होता. तो जाई तो वर्ष-दीड वर्षानं उगवे, येताना बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणी आणि मग महिनाभर आळीतल्या पुरुषांना सांगत बसे की आगबोटीपुढे तुमच्या होड्या म्हणजे नारळाच्या करवंट्या. आई हे ऐकून चुलीपाशी बोंबलाचं डोकं कोयतीनं जरा जोरात उडवी. बोलत काही नसे. तिचं बरंचसं बोलणं कोयतीच करी.

मोठी लढाई चालू होती तो काळ. आमच्या आळीला लढाई म्हणजे रॉकेल मिळत नाही आणि साखर मिळत नाही एवढीच ठाऊक होती. एका पावसाळ्यात इंग्रजीतलं पत्र आलं. ते वाचायला शाळेतल्या गुरुजींना बोलावलं. गुरुजींनी चष्मा दोनदा पुसला आणि सांगितलं की पाणबुडीनं आगबोट बुडवली, खलाशी रामचंद्र सापडलेला नाही. आई म्हणाली, "सापडला नाय, तर शोधा म्हणावं." गुरुजी म्हणाले, "बाई, त्याचा अर्थ गेला असा घ्यायचा." त्यावर आई म्हणाली, "अर्थ तुमी घ्या. मना नवरा पायजे." आणि ती आत जाऊन तांदूळ निवडायला बसली. मी नऊ वर्षांची होते, धाकटा पांडू तीनचा. मला आठवतं ते एवढंच, की तिनं त्या दिवशी तेच तेच तांदूळ तीन वेळा निवडले.

आई ऐकायला तयार नव्हती, पण आळीला घाई होती. आमच्यात असं मानत, की समुद्रात गेलेल्या माणसाचं क्रियाकर्म झालं नसेल तर नारळी पौर्णिमेचा नारळ पाण्यात टाकायचा नाही. त्याचा जीव होड्यांच्या मागे मागे फिरतो, जाळ्यात काही येऊ देत नाही. आणि पौर्णिमा पंधरा दिवसांवर आली होती. आळीचे मुख्य गोविंद तांडेल, स्वतःच्या होडीचे मालक, भल्या मनाचे, पण पोटापेक्षा आवाज मोठा. ते दारात येऊन म्हणाले, "मंजुळे, तुज्या एकटीपायी सतरा होड्या वाळूत ठेवू काय?" आईनं चार दिवस दार लावून घेतलं. पाचव्या दिवशी शेजारच्या बायका दाराबाहेर नुसत्या येऊन बसल्या, पोरं मांडीवर घेऊन. मग आईनं दार उघडलं. भटजींनी पळसाच्या पानांचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, आणि किनाऱ्यावर त्याला अग्नी दिला. पांडूनं दिला, गोविंदकाकांच्या कडेवरून. आईच्या बांगड्या फोडल्या त्या मी पाहिल्या नाहीत. मला काशीआजीनं पदराखाली धरलं होतं. काशीआजी म्हणजे बाची आत्या, आळीतलं सगळ्यांत जुनं माणूस, दात नाहीत, नजर अधू आणि जीभ शाबूत.

त्यानंतर चार महिन्यांनी, भर दुपारी, बा आला. बायका वाळूत बारीक कोळंबीचा जवळा पसरत होत्या. खाडीच्या वाटेनं एक माणूस येताना दिसला, हाडं मोजून घ्यावीत इतका वाळलेला, अंगात कुणा धिप्पाड गोऱ्याचा कोट, बाह्या बोटांच्या खाली लोंबताहेत. तो जवळ आला तशी पहिली किंकाळी कुणाची निघाली ते कळलं नाही, पण क्षणात वाळूवर जवळ्याखेरीज कुणी उरलं नाही. गोविंदकाका सर्वांत आधी घरात पोचले, हे मी स्वतः पाहिलं आहे. जागची हलली नाही ती फक्त काशीआजी, कारण तिला काही दिसलंच नव्हतं. "कोण रे?" "मी रामा." "रामा मेला. आमी त्याला जाळला." "मना कोण जाळील? मी हितं हाय." आजीनं त्याला खाली बसवलं आणि दोन्ही हातांनी त्याची पावलं चाचपली, टाचा मागे आहेत की पुढे ते पाहायला. मग आळीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली, "पाय सुलटे हायत! या बाहेर, भित्र्यांनो!"

आई दारात उभी होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, आणि हात पदरात लपवले. बा उंबऱ्याशी आला तेवढ्यात गोविंदकाकांना कंठ फुटला. म्हणाले, थांब, क्रियाकर्म झालेला माणूस तसाच घरात शिरला तर घराला बाधतं, आधी भटजींना विचारू. भटजींनी पोथ्या काढल्या, दोन दिवस चाळल्या आणि निकाल दिला. मेलेल्याला घरात घेता येत नाही, पण जन्मलेल्याला येतं. तेव्हा रामचंद्रानं पुन्हा जन्म घ्यावा. मग बारसं, मग बाकीचे संस्कार, आणि शेवटी बायकोशी पुन्हा लग्न. तोवर त्यानं बाहेर राहावं. म्हणून बाची रवानगी किनाऱ्यावरच्या खोपीत झाली. तिथे आळीची जुनी जाळी ठेवलेली असत.

जन्माला योग्य असा दिवस आठ दिवसांनंतरचा निघाला. ते आठ दिवस आईबापांच्या मधलं टपाल मीच होते. आई ताट वाढून माझ्या हाती देई, तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण, आणि रोज एकच बजावे, "हळू चाल. सांडू नको." खोपीपर्यंत वाळू तुडवत जाताना मी रोज थोडं सांडत असे. बा खायचा ते पाहून मला भीती वाटायची. ताटलीला लागलेला रस तो बोटानं पुसून घेई, मग ते बोट चोखून पुन्हा ताटली पाही. खाऊन झालं की विचारी, "आय काय बोलली?" "काय नाय." "मग कोयती कशी वाजते?" "जोरात." यावर तो हसे. एकदा त्यानं विचारलं, "माज्या डोक्याच्या जागी नारळ कुठला ठेवलेला गं?" मी म्हटलं, "गोविंदकाकांच्या माडाचा." "खोबरं होतं काय त्यात?" मला ठाऊक नव्हतं. "नसेलच. फुकट दिला म्हंजे खवट असणार."

आगबोट बुडाली त्याची हकिगत त्यानं मला तिथेच सांगितली, तुकड्यातुकड्यानं, जाळी विणावी तशी. दुपारची वेळ. तो बोटीच्या तक्त्यावर, म्हणजे डेकवर, रंग लावत होता. एक हादरा बसला, रंगाचा डबा उडून त्याच्या अंगावर आला, आणि बोटीचं नाक पाण्यात जाऊ लागलं. छोट्या होडीत तेवीस माणसं उतरली. मग ती पाणबुडी वर आली, व्हेलमाशासारखी, आणि तिच्या पाठीवर उभ्या राहिलेल्या दाढीवाल्या माणसानं ओरडून बोटीचं नाव विचारलं, ते वहीत लिहिलं आणि हात हलवून तो पुन्हा खाली गेला. "शाळेत हजेरी घेतात तसं," बा म्हणाला. होडीत तीन साहेब होते. त्यांना नकाशा यायचा, होडी यायची नाही. एवढी मोठी आगबोट हाकणारी ती माणसं, पण शीड बांधायची वेळ आली तेव्हा सगळे बाच्या तोंडाकडे पाहू लागले. त्यानं कांबळ्याचं शीड केलं. अकरा दिवस त्या करवंटीनंच त्याला तारलं. करवंटी हा शब्द त्यानंच वापरला, आणि वापरल्यावर थोडा खजील झाला. बाराव्या दिवशी एका परक्या बोटीनं त्यांना उचललं, आणि दूरच्या बंदरातल्या इस्पितळात काही महिने काढून तो कुणा गोऱ्यानं दिलेल्या कोटात घरी निघाला.

त्या होडीत देवगडकडचा यासीन त्याच्या शेजारी बसत असे. वीस-एकवीस वर्षांचा, पहिल्याच सफरीवरचा. पाणी वाटलं की यासीन आपल्यातला अर्धा घोट बाला देई, म्हणे, शीड तुम्ही धरता, तुम्हाला जास्त लागतं. बा घेत असे. नवव्या दिवशी सकाळी यासीन उठला नाही. त्याला पाण्यात सोडला, त्याची टोपी बानं ठेवून घेतली. ती खोपीत खुंटीला होती. हे सांगताना बाचा आवाज अगदी साधा होता, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसा. म्हणून मलाही फार काही वाटलं नाही.

सहाव्या दिवशी सारंगाचं कार्ड आलं. सारंग म्हणजे आगबोटीवरच्या खलाशांचा मुकादम. बाला वाचता येत नसे, म्हणून त्यानं ते माझ्याकडून वाचून घेतलं. नवी बोट लागली आहे, माणसं कमी आहेत, पौष पौर्णिमेच्या आत मुंबईला हजर व्हावं. बानं कार्ड कोटाच्या खिशात ठेवलं. मी विचारलं, "पुन्हा जाणार?" तो म्हणाला, "यासीनच्या जागी कोणीतरी उभं राह्यला पायजे ना? आयला आत्ताच सांगू नको." मी मान डोलावली.

जन्माचा दिवस उजाडला. पोथीत तुपानं भरलेला कुंभ लिहिला होता. लढाईच्या दिवसांत तूप नाकाला लावायलाही मिळत नव्हतं, म्हणून भटजींनी पाण्यात चमचाभर तूप टाकून चालवून घेतलं. पण एवढा बाप्या मावेल असा कुंभ कुठून आणायचा? आळीत एकच भांडं तसं होतं, मासे खारवायचं लाकडी पिंप. बायकांनी ते वाळूनं आणि राखेनं चार वेळा घासलं, तरी वास राहिलाच. बा त्यात गुडघे छातीशी घेऊन बसला, वर पांघरूण टाकलं, भटजींनी मंत्र म्हटले, आणि मग चार बायांनी त्याला ओढून बाहेर काढला. काशीआजी सुईण झाली होती. म्हणाली, "पोर रडलं पायजे. रडल्याबिगर जन्म धरत नाय." बानं तोंड वेडंवाकडं करून ट्यांहां केलं. सगळी आळी खदखदून हसली, मीही. आजी म्हणाली, "हे काय रडणं? मांजर बरं रडतं," आणि तिनं त्याच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला.

आणि बा रडू लागला. आधी लोक हसतच होते. मग हळूहळू एकेकाचं हसू थांबलं. तो वाळूत ओल्या अंगानं बसला होता, दोन्ही हातांत तोंड धरून, आणि त्याला थांबता येत नव्हतं. "अर्धा घोट मी घ्यायचो," असं काहीतरी तो म्हणत होता, पुन्हा पुन्हा. काशीआजीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि खरोखर तान्ह्याला थोपटावं तसं थोपटत बसली. आई दारातून सारं पाहत होती. तिला त्याच्याजवळ जाता येत नव्हतं, लग्न व्हायचं होतं ना अजून.

संध्याकाळी तिनं मला चुलीपाशी बसवलं आणि विचारलं, "अर्धा घोट कसला?" मी यासीनचं सांगितलं. ते सांगता सांगता कार्डाचंही सांगून टाकलं. या चुगलीबद्दल मला आयुष्यात कधी वाईट वाटलं नाही, असं मी म्हणत आले. खरं तर थोडं वाटतं. त्या दिवशी आईची कोयती वाजली नाही.

बारसं दुसऱ्या दिवशी झालं. पाळण्यात नुसते पाय ठेवून भागवलं. काशीआजी त्याच्या कानात म्हणाली ते सगळ्यांना ऐकू गेलं, "गेल्या खेपेला राम ठेवला, तो वनवासाला गेला. आता विठ्ठल ठेवते. विटेवरून हलायचं नाय." मग सुपारी फोडायला आळीची बैठक बसली. आमच्यात अशा बैठकीत मुलीकडच्यांनी मुलाची चौकशी करायची रीत आहे. आईचे वडील, भाऊ कुणी उरले नव्हते, म्हणून भटजी सुपारी उचलणार तोच दाराआडून आईचाच आवाज आला. "मुलगा काय करतो?"

गोविंदकाका मांडीवर थाप मारून हसले. "काय करतो म्हंजे? खलाशी हाय आगबोटीवर!"

"मग मना पसंत नाय."

हसू विरलं. बा उठून उभा राहिला. "मंजुळे, ही काय थट्टा? अकरा वरसं संसार केलाय आपण."

"कोणी केला?" आई आतूनच म्हणाली. "तो रामचंद्र. तो बुडाला. तुमीच सर्वांनी सांगितलं ना? मी नको नको म्हणत होते तरी जाळलात त्याला, माज्या बांगड्या फोडल्यात. ह्यो विठ्ठल कालच जन्माला आला. ह्याला मी ओळखत नाय. खलाशाला एकदा दिलं मना, एकदा रडले. पुन्हा खलाशाच्या घरात जायची नाय."

भटजींनी पोथी उघडली आणि मिटली. गोविंदकाकांनी घसा खाकरला, पण पौर्णिमेची घाई त्यांचीच होती, आता कुठल्या तोंडानं बोलणार? हा नवा जन्म आळीनंच दिला होता, तेव्हा नकार ऐकायची पाळीही आळीचीच. सुपारी तशीच राहिली आणि बा कोट उचलून खोपीकडे चालता झाला.

दुसऱ्या दिवसापासून ताट बंद. मी विचारलं तर आई म्हणाली, "परक्या बाप्याला मी कशाला जेवण धाडू?" काशीआजी कोरडी भाकरी धाडायची, दात नसलेल्या बाईनं केलेली, तिला ती कडक झाली तरी कळत नसे. दोन दिवस बा ती भाकरी चावत समुद्राकडे पाहत बसला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं मला विचारलं, "घरी आज काय केलंय?" मी म्हटलं, "चिंच घालून बोंबील." तो म्हणाला, "यासीनला मी सांगितलेलं, आमच्या घरी ये बोंबील खायला. माज्या बायकोच्या हातचे खाल्लेस तर आगबोटीवर परत जायचा नायस." असं म्हणाला आणि तोच दचकल्यासारखा माझ्याकडे पाहू लागला. मग खिशातून कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "आयला दे. चूल पेटवायला होईल."

त्याच संध्याकाळी तो गोविंदकाकांच्या दाराशी गेला आणि त्यांच्या होडीवर जागा मागितली. काकांनी त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आधीच हो म्हटलं. काशीआजी मध्यस्थ म्हणून आमच्याकडे आली. "मुलगा गोविंदाच्या होडीवर जातो. आणखी काय विचारायचं?" आईनं विचारलं, "नाव काय म्हणालात?" "विठ्ठल." "बघू," आई म्हणाली, आणि आख्खा एक दिवस बघत राहिली. पण त्या दिवशी ताट गेलं. मी अजिबात सांडलं नाही.

लग्नात मला नवा परकर मिळाला, आणि करवली कुणाकडची यावर भांडण झालं. शेवटी मी दोन्हीकडची ठरले. पांडूनं अंतरपाटाखालून घुसून नवरदेवाचे पाय धरले ते सोडलेच नाहीत. आईच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या तेव्हा बा मान वळवून उभा राहिला. तिच्या मनगटावरचे जुने ओरखडे त्यानं तेव्हा पहिल्यांदा पाहिले असावेत. सारंगाची ती नवी बोट पुढे कुठे पोचली की नाही, आम्हाला कधीच कळलं नाही. बा पुढची सगळी वर्षं होडीवर गेला. क्षितिजावर आगबोटीचा धूर दिसला की हातातलं काम थांबवून तो विरेपर्यंत पाहत राही. आई त्याला तेवढा वेळ देत असे. वय मात्र तो नव्या जन्मापासून मोजी, आणि रागावला की आई म्हणे, "गप बस, माज्यापेक्षा सव्वीस वरसांनी लहान हायस तू."

तो गेला तेव्हा त्याच्या हिशेबानं बेचाळिशीत होता. घरातच, दुपारी, जेवून झोपला तो उठला नाही. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. आळीनं सगळं रीतीप्रमाणे केलं, घाई न करता, आणि किनाऱ्यावर अग्नी दिला. संध्याकाळी बायका आईच्या बांगड्या उतरवायला आल्या, तर तिनं हात पदरात लपवले. मी जवळ बसून म्हटलं, "आई, या खेपेला तू स्वतः पाहिलंस गं. जाळलं त्याला." आई म्हणाली, "जाळलं तर मागल्या खेपेलापण होतं."

मग ती उठली. सुतकाच्या घरात चूल पेटवायची नसते, पण तिनं पेटवली, आणि तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही. तिनं भाकरी केली, चिंच घालून बोंबील केले, ताट वाढलं आणि माझ्या हातात दिलं. "खोपीत नेऊन ठेव," म्हणाली. "हळू चाल. सांडू नको." खोप पडून कितीतरी वर्षं झाली होती. हे तिलाही ठाऊक होतं. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, ताट दोन्ही हातांनी धरून, वाळूतून हळूहळू चालू लागले.